नवऱ्यांनी स्वीकारलेले गुलाब

आमच्या मंडळीतल्या पुरुषांना बायकांबद्दल फार आदर आहे. तो वर्षातून एकदा, महिला रविवारी, लंडनजवळच्या स्लाऊमधल्या भाड्याच्या हॉलमध्ये व्यक्त केला जातो. उरलेलं वर्षभर तो घडी घालून ठेवलेला असतो.

मंडळी म्हणजे आम्ही इथले मराठी ख्रिस्ती लोक. कोणी नगरचे, कोणी सोलापूरचे, कोणी कोल्हापूरकडचे. इथे कोणी हॉस्पिटलात नोकरीला, कोणी विमानतळावर, कोणी वेअरहाउसमध्ये. महिन्यातून एकदा एका इंग्रज चर्चच्या मागचा हॉल आम्ही घेतो, मराठीत गातो, मराठीत प्रार्थना करतो, एकमेकांना सलाम करतो आणि मग जेवतो. खरं सांगायचं तर निम्मे लोक जेवायलाच येतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. परक्या देशात रविवारी कोणाच्या तरी हातचं गरम जेवण मिळत असेल तर मीही आले असते. वावगं वाटतं ते एवढंच, की त्या जेवणाला आमचे पुढारी ‘सहभागिता’ म्हणतात आणि ती आपणच घडवून आणली, असं त्यांना मनापासून वाटतं.

त्या हॉलच्या भिंतीत जेवण वाढायची एक रुंद खिडकी आहे आणि तिच्यापलीकडे स्वयंपाकघर. खिडकीला पत्र्याचं शटर आहे. उपासना सुरू झाली की आमचा सेक्रेटरी स्वतः येऊन ते शटर खाली ओढतो, कारण भांड्यांच्या आवाजाने उपदेश करणाऱ्याचं लक्ष विचलित होतं. म्हणजे महिला मंडळ शटरच्या आत आणि देवाचं वचन शटरच्या बाहेर. इतक्या वर्षांत आम्ही बायकांनी उपदेश ऐकले ते शेजारच्यांचा टीव्ही ऐकावा तसे. मोठ्या आवाजातलं ऐकू यायचं, बाकीचं एक्झॉस्ट फॅनमध्ये जायचं.

हा सेक्रेटरी इतकी वर्षं सेक्रेटरी आहे की त्याला कोणी निवडलं हे आता कोणालाच आठवत नाही. सूट चांगले घालतो, माइक हातातून सोडत नाही. माणूस वाईट नाही. वाईट व्हायला थोडी अक्कल लागते.

माझ्या सासूबाई त्या स्वयंपाकघराच्या मुख्य. ऐंशीच्या घरात आल्या तरी मोठं पातेलं अजून स्वतः उतरवतात आणि कोणी मदतीला आलं की ओरडतात. त्यांची एक मैत्रीण होती. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. दोघी साधारण एकाच सुमारास या देशात आल्या, हाउन्सलोजवळ विमानात द्यायच्या जेवणाचे ट्रे भरायच्या कारखान्यात दोघी एकाच सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहिल्या, आणि तिथेच कधीतरी एकीने दुसरीला हळू आवाजात एक मराठी गीत गुणगुणताना ऐकलं. तिथून त्यांची मैत्री. मावशीला मूल नव्हतं. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

आता मंडळीची सुरुवात कशी झाली ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. वर्धापनदिनाला सेक्रेटरी दरवर्षी सांगतो, की तीन भाऊ हीथ्रोच्या कार पार्कमध्ये उभे राहिले, त्यांनी हातात हात घालून प्रार्थना केली आणि त्या क्षणी इथल्या मराठी मंडळीचा जन्म झाला. तिघांपैकी एक सेक्रेटरीचे वडील. ही कार पार्कची गोष्ट तो दरवर्षी थोडी आणखी सजवतो. पूर्वी नुसतीच थंडी होती, मग वारा आला, अलीकडे बर्फही पडायला लागलंय. त्या तिघांना थंडी वाजली आणि ते कुडकुडत मावशीच्या घरी गेले, हे मात्र तो कधी सांगत नाही. त्यापुढची कित्येक वर्षं मंडळी त्या घरातच भरत होती, हेही सांगत नाही. त्याला माहीत नाही असं नाही. लहानपणी तो तिथेच वरच्या खोलीत पलंगावर आडवा झोपवलेला असायचा, इतर पोरांच्या रांगेत. पण कार पार्क ऐकायला भारदस्त वाटतं. बाईच्या घरातला गालिचा तसा वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात मावशीचं दुखणं वाढलं. हॉस्पिटलात तिला स्पष्ट सांगितलं गेलं की आता औषधं आहेत ती फक्त त्रास कमी व्हावा म्हणून. ती ते शांतपणे ऐकून आली. सासूबाई तिला भेटायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मावशी म्हणाली, “एकदा खरं काय ते सांग ना गं सगळ्यांना. मला ऐकायचंय.” एवढंच म्हणाली आणि चहा मागितला. जन्मभर तिने कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, आणि मागितलं ते हे.

सासूबाईंनी ते फारच मनावर घेतलं. महिला रविवार जवळ आला होता. त्यांनी सेक्रेटरीला फोन केला आणि सांगितलं की या वेळी मला साक्ष द्यायची आहे. आमच्यात साक्ष म्हणजे उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीला सांगणं. पुरुषांच्या साक्षी मी पुष्कळ ऐकल्यात. बहुतेकांत देवाने त्यांना व्हिसा दिलेला असतो.

“हो हो काकू, नक्की,” सेक्रेटरी म्हणाला. “पाच मिनिटं देतो ना तुम्हाला. डोंट वरी.”

सासूबाई दोन आठवडे पाच मिनिटांची तयारी करत होत्या. भांडी घासताना पुटपुटायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, “तू तुझं बघ.”

त्याच सुमारास पुण्याहून एक मोठे उपदेशक आले. पाहुणे उपदेशक आले की ते आमच्याकडे उतरतात, कारण आमच्याकडे एक खोली जास्त आहे आणि माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्याला माझ्या बाबतीत मात्र नाही म्हणता येतं, हे मी लग्नानंतर लवकरच शोधून काढलं. उपदेशकांनी दारातच सांगितलं, “माझं काही नसतं बरं का, मी काहीही खातो.” असं म्हणणाऱ्या माणसाची मला लगेच धास्ती वाटते. त्यांचं ‘काहीही’ म्हणजे सकाळी अर्धं उकडलेलं अंडं, तेही आंघोळीनंतर. पोळ्या मऊ, पण तूप नको, म्हणजे वरून नको, आत चालेल. मासे चालतात, काटे चालत नाहीत. आंघोळीचं पाणी त्यांना कोमट लागत नव्हतं आणि गरमही लागत नव्हतं. एक दिवस त्यांना विंडसरचा कॅसल बघायचा होता. मी रजा घेऊन नेलं. तिथे त्यांनी माझ्या पर्सकडे पाठ करून तिकिटाच्या रांगेत राजघराण्याच्या साधेपणावर बरंच काही सांगितलं.

रात्री जेवताना ते म्हणाले, “या रविवारी मी सेवा करणाऱ्या स्त्रियांवर बोलणार आहे. प्रभूबरोबर ज्या फिरत होत्या त्या. फार सुंदर विषय आहे, वहिनी.” आणि ताट पुढे सरकवून म्हणाले, “आमटी आहे का अजून?”

आमटी होती.

रविवारी आम्ही मावशीला व्हीलचेअरमधून आणलं. ती जांभळी साडी नेसली होती आणि कानात मोत्याच्या कुड्या होत्या. तिला पुढच्या ओळीत, मधल्या वाटेच्या कडेला बसवलं. सासूबाई चांगली साडी नेसून तिच्या शेजारी बसायला निघाल्या, तेवढ्यात सेक्रेटरी आला. “काकू, तुमचं शेवटी आहे हं, उपदेशानंतर. तोपर्यंत आत जरा बघाल का? पाहुण्यांसाठी कमी तिखट वेगळं काढायला लागेल. बाकीच्यांना जमणार नाही.” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं आणि पदर खोचून आत गेल्या. मी मावशीसाठी बाहेर राहिले. माझ्यामागे शटर खाली आलं.

म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मी महिला रविवारचा उपदेश सबंध ऐकला. ऐकला नसता तर बरं झालं असतं. उपदेशक माइकपुढे उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. आम्ही म्हणजे कोण? हॉलमध्ये पुरुष होते, पोरंटोरं होती, दोन आजारी बायका होत्या आणि मी. त्यांनी शास्त्रातल्या एकेका बाईचं नाव भराभर घेतलं. एका शिष्याच्या सासूचा ताप प्रभूने उतरवला आणि ती लगेच उठून सगळ्यांची सेवा करायला लागली, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. “ताप उतरला, आणि ती स्वयंपाकाला लागली! हीच खरी स्त्री,” ते म्हणाले. मला वाटलं, हिला एक दिवस आराम दिला असता तर शास्त्र काही अडलं नसतं. मग जांभळं कापड विकणारी ती व्यापारीण आली, जिने आपलं घर प्रेषितांना आणि नव्या मंडळीला उघडून दिलं. व्यापार करणारी, पैसा बाळगणारी, स्वतःच्या मनाने ठरवणारी बाई. तिच्याबद्दल उपदेशकांना सांगण्यासारखं काय सापडलं? की तिच्या घरी प्रेषितांना नक्कीच ऊन ऊन जेवण मिळालं असणार.

मी मावशीकडे बघितलं. ती घराची गोष्ट येताच सरळ होऊन बसली होती. तिला वाटलं असावं की आता तिकडे वळेल विषय. वळला नाही. उपदेशकांनी त्या सगळ्या बायकांची मिळून एक मोठी स्वयंपाकीण केली आणि तिच्यावर ते चऱ्हाट लावून बोलत राहिले. जेव्हा प्रभूला धरून नेलं तेव्हा शिष्य पळून गेले आणि या बायका जवळ उभ्या राहिल्या, हा भाग त्यांनी घेतलाच नाही. वेळ पुरला नसेल.

वेळ खरंच पुरला नाही. पाच वाजता त्या हॉलमध्ये पोरांचा कराटे क्लास असतो, त्याआधी जेवण उरकून खुर्च्या लावाव्या लागतात. सेक्रेटरी घड्याळ बघत पुढे आला आणि म्हणाला की आता भगिनींचा सत्कार. महिला मंडळातल्या प्रत्येक बाईला एक गुलाब. त्याने नावं पुकारायला सुरुवात केली.

कोणी आलं नाही.

येणार कसं? बायका शटरच्या आत होत्या, फॅन चालू होता, पुऱ्या तळणं चाललं होतं. त्याने पहिलं नाव पुन्हा पुकारलं. वासावरून सगळ्यांना कळत होतं की त्या बायका कुठे आहेत. शटरपर्यंतचं अंतर पाच पावलांचंही नव्हतं, कोणीही उठून ते वर करू शकला असता. ते सेक्रेटरीच्या डोक्यात आलं नाही आणि बाकी कोणाच्याही आलं नाही. सेक्रेटरी एकदम खुलला. “ठीक आहे,” तो म्हणाला, “त्यांच्या वतीने त्यांचे पती गुलाब स्वीकारतील.”

आणि ते गेले. एकेक करून पुढे गेले, उपदेशकांच्या हातून गुलाब घेतला, फोटोसाठी वळले, हसले. टाळ्या झाल्या. माझा नवरा दोनदा गेला, एकदा बायकोच्या वतीने आणि एकदा आईच्या. मी समोर बसले आहे हे त्याला दिसत होतं. मी हात वर करून बघितला, तर त्याने मला खूण केली की थांब, आणतो.

मला त्या क्षणी त्या सगळ्यांची किळस आली. राग नव्हे. रागावण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं.

मग सेक्रेटरी म्हणाला, “वेळेअभावी आता आपण आशीर्वाद घेऊन जेवणाकडे वळू या.”

मी उभी राहिले. “काकूंची साक्ष राहिली आहे.”

“सिस्टर, नेक्स्ट मंथला. पक्कं. हॉलचा इश्यू आहे ना.”

“पुढच्या महिन्यात नाही चालणार,” मी म्हणाले, “मावशींना आज आणलंय.”

“अरे हो, मावशी आल्यात,” तो माइकमध्ये म्हणाला. “मावशींसाठी एकदा जोरदार टाळ्या.” आणि मंडळीने जोरदार टाळ्या वाजवल्या. त्या आवाजात मी काय म्हणत होते ते मलाही ऐकू आलं नाही. मावशी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होती. आशीर्वाद झाला. लोक ताटं घेऊन शटरसमोर रांगेत उभे राहिले.

मी व्हीलचेअर फिरवली आणि बाजूच्या दाराने मावशीला स्वयंपाकघरात घेऊन गेले. सासूबाई घाम पुसत होत्या. “आला माझा नंबर?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं काय झालं ते, गुलाबांसकट. आतल्या बायका आधी हसल्या आणि मग एकीने झारा खाली ठेवला. माझ्यामागोमाग नवरा दोन गुलाब घेऊन आला. सासूबाईंनी त्याला म्हटलं, “ठेव तिकडे सिंकमध्ये. आणि दार लावून जा.”

“आई, अगं पाहुण्यांना भूक लागलीये. डायबेटिस आहे त्यांना.”

“थांबू देत.”

त्यांनी गॅस बंद केला. फॅन बंद केला. हात धुतले, पदर सोडून नीट घेतला आणि पातेल्यांच्या मध्ये, मावशीच्या समोर उभ्या राहून त्यांनी आपली साक्ष दिली. त्यांनी सांगितलं की मी या देशात आले तेव्हा मला वाटायचं, देव भारतातच राहिला. मग हिने मला आपल्या घरी बोलावलं. हिच्या बाहेरच्या खोलीत आम्ही सोफा उभा करून भिंतीला टेकवायचो आणि खाली गालिच्यावर बसायचो. हिचा नवरा रात्रपाळी करून वर झोपलेला असायचा, कानात कापूस घालून, आणि एका शब्दाने कधी तक्रार करायचा नाही, कारण तक्रार करायची नाही असं हिने ठरवलं होतं. शेजारच्या बाईने कौन्सिलला कळवलं की इथे फार लोक येतात, तेव्हा कौन्सिलच्या माणसाला हिने आत बोलावलं आणि गीत संपेपर्यंत बसवून ठेवलं. ज्या कुटुंबांना इथे आल्यावर राहायला जागा नव्हती ती आधी हिच्याकडे राहिली. बाहेर रांगेत उभी आहेत त्यातली कितीतरी. मी देवाचे उपकार मानते, त्या म्हणाल्या, की त्याने हिच्यासारखी बाई माझ्या शेजारी त्या पट्ट्यापाशी उभी केली.

त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणी रडत होत्या. बाहेरून शटरवर कोणीतरी बोटांनी वाजवत होतं. आम्हाला वाटलं की झालं, यापेक्षा चांगली उपासना आपल्या मंडळीत कधी झाली नव्हती. मलाही वाटलं. त्या हॉलमधल्या बुजगावण्यांना काय त्याचं, असं मी मनात म्हणत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मावशी सगळं ऐकत होती. शेवटी तिने सासूबाईंचा हात धरला.

“छान सांगितलंस,” ती म्हणाली. “पण ह्यांना माहितीच आहे गं. हे बाहेर सांगायचं होतंस.”

मग पुऱ्या गार व्हायला लागल्या म्हणून आम्ही शटर वर केलं आणि वाढलं. सगळ्यांना वाढलं. उपदेशकांना कमी तिखटाचं दोनदा वाढलं, आणि त्यांनी बोटं चाटत आम्हाला धन्यवाद दिले.

पुढच्या महिन्याच्या उपासनेआधीच मावशी गेली.

हाउन्सलोमधल्या चर्चमध्ये तिची शेवटची उपासना झाली. मंडळी झाडून आली होती. तिथे स्वयंपाकघर नसल्यामुळे आम्ही बायकाही बाकांवर बसलो होतो. सेक्रेटरीने काळा सूट घातला होता. तो पुढे आला आणि त्याने माइक हातात घेतला. मावशी म्हणजे मंडळीची आई होती, तो म्हणाला. मावशी म्हणजे प्रेम, मावशी म्हणजे सेवा. दुसरं काही सुचेना तेव्हा तो हळवा झाला आणि म्हणाला, “आणि त्यांच्या हातचा पुलाव आपल्यापैकी कोणीच विसरू शकणार नाही.”

लोकांनी माना डोलावल्या. मागे कोणीतरी “आमेन” म्हटलं.

सासूबाई माझ्या शेजारून उठल्या. पुढे गेल्या नाहीत, माइक मागितला नाही. बाकाला धरून जागेवरूनच बोलल्या, स्वयंपाकघरातून हाक मारायच्या त्याच आवाजात.

“तिला पुलाव येत नव्हता,” त्या म्हणाल्या. “तिला स्वयंपाकच येत नव्हता. तुम्ही खाल्लात तो पुलाव माझा. तिने घर दिलं होतं. कार पार्कमध्ये काही झालं नाही. तुम्ही सगळे तिच्या घरात बसला होतात.”

सेक्रेटरीने माइक खाली घेतला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. या वेळी सगळ्यांनी नीट ऐकलं, शेवटच्या बाकापर्यंत. ज्या एकीला ऐकायचं होतं, ती पुढे पेटीत होती.